चढण्याआधी तपासणे, उतरताना दुप्पट सावध!

हिवाळा आला की शाळांची शिबिरे सुरू होतात. चांदवडच्या मुलांना तर डोंगर दारातच आहे. चांदवडचा किल्ला, राजदेहेर, कोळधेर, इंद्राई ही नावे ती लहानपणापासून ऐकतात. शिबिराला नाही पाठवले तरी सुटीच्या दिवशी चार मित्र मिळून वर जातातच. म्हणून 'डोंगरावर जायचे नाही' असे बजावून भागणार नाही. जायचे कसे, हे शिकवले पाहिजे.

कातारवाडीजवळची हडबीची शेंडी आपण सर्वांनी पाहिली आहे. 26 जानेवारी 2022 रोजी या सुळक्यावर दोन गिर्यारोहकांचा पडून मृत्यू झाला. सुळका चढून झाला होता, ते उतरत होते. चढताना माणूस सावध असतो. उतरताना अंग थकलेले असते, लक्ष घराकडे लागलेले असते. पहिला धडा हाच, की सर्वांचे पाय जमिनीला लागेपर्यंत मोहीम संपलेली नसते.

हा खेळ पैसेवाल्यांच्या मुलांचा, असेही समजू नये. आजच्या तेलंगणातील मलावत पूर्णा ही शेतमजुराची मुलगी 25 मे 2014 रोजी एव्हरेस्टवर पोहोचली, तेव्हा तिला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. तिच्यासोबत आनंद कुमार होता. दोघेही समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळांतले. पूर्णाची सुरुवात भोंगीरच्या कातळावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली झाली. धाडसाच्या आधी शिक्षण होते.

काय शिकायचे?

स्काउट-गाइडमध्ये मुलामुलींना दोराच्या गाठी शिकवतात. कातळावर त्याच गाठींवर जीव टांगलेला असतो. कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, दोर इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या गाठीने बांधतात. गाठ आपण बांधायची, पण तपासायची जोडीदाराने. पट्ट्याचे बक्कल, गाठ आणि कॅराबिनर नावाच्या कडीचा स्क्रू, या तीन गोष्टी हात लावून पाहायच्या. लांबून 'ठीक आहे' म्हणायचे नाही.

चढताना दोन हात व दोन पाय यांपैकी तीन कायम कातळावर टेकलेले असावेत. भार पायांवर ठेवावा, हातांवर लोंबकळू नये. आपल्याकडचा कातळ दिसायला भक्कम, पण जागोजागी सुटलेला असतो. प्रत्येक दगड आधी ठोकून, हलवून पाहावा. दगड निसटला तर 'दगड, दगड' असे ओरडावे. खालच्यांनी वर न पाहता कातळाला चिकटून उभे राहावे.

विहिरीचा किंवा कपडे वाळत घालायचा दोर चालत नाही. चढाईचा दोर थोडा ताणतो आणि पडणाऱ्याचा हिसका सोसतो. साधा दोर तुटतो किंवा सारा हिसका कमरेला व मणक्याला बसतो. दोरावर पाय देऊ नये, त्यात खडे शिरून आतले धागे कापले जातात. दोराने उतरण्यापूर्वी त्याच्या खालच्या टोकाला गाठ मारलीच पाहिजे, म्हणजे दोर संपला तरी माणूस निसटत नाही.

पालकांनी काय विचारावे?

प्रशिक्षक कोठे शिकले? किती मुलांमागे किती प्रशिक्षक आहेत? प्रत्येक मुलाला चढाईचे हेल्मेट मिळेल का? आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? प्रथमोपचार पेटी आणि गाडी सोबत असेल का? हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. उत्तर टाळले गेले तर मुलाला पाठवू नये.

मुलाला उपाशीपोटी पाठवू नये. सोबत दोन-तीन लिटर पाणी, टोपी आणि पकड घेणारे बूट द्यावेत. दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. कड्यांवर आग्या मोहोळ असते. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको.

अपघात झालाच तर

- पडलेल्याला ओढू, बसवू किंवा उचलू नये. मान व पाठ आहे तशी स्थिर ठेवावी. वरून दगड पडत असतील तरच हलवावे.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे.
- बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. श्वास चालू आहे का, याकडे लक्ष ठेवावे.
- 108 किंवा 112 वर फोन करून डोंगराचे नाव आणि पायथ्याचे गाव सांगावे.
- डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर बाहेरून जखम नसली तरी लगेच रुग्णालय गाठावे.

सुरुवातीला खर्च लागत नाही. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढून, स्काउट-गाइड झालेल्या मोठ्या मुलामुलींनी धाकट्यांना दोराच्या चार गाठी शिकवाव्यात आणि एकमेकांच्या गाठी तपासायची सवय लावावी. कड्यावर मात्र जाणकार प्रशिक्षकाशिवाय कोणीही जाऊ नये.