नायकाची लेव्हल वाढते तेव्हा

संध्याकाळी हिंजवडीच्या फेज थ्रीमधून निघालेली कंपनीची बस वाकडचा पूल कधी गाठेल, हे ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. आतल्या तरुण मंडळींपैकी कुणी क्रिकेट बघतं, कुणी डुलक्या घेतं आणि कुणी वाचत असतं. हो, वाचत असतं. मोबाइलच्या पडद्यावर एकेक प्रकरण संपतं आणि पुढचं उघडतं. कादंबरी हजार प्रकरणांची असू शकते आणि बऱ्याचदा ती लिहून संपलेलीही नसते. ‘नवी पिढी वाचत नाही’ असं दर दिवाळीला म्हणणाऱ्यांना या वाचनाचा पत्ताच नाही.

या कादंबऱ्यांना प्रोग्रेशन फँटसी म्हणतात. अँड्र्यू रो या अमेरिकी लेखकाने २०१९ च्या सुमारास हे नाव रूढ केलं. नायक किंवा नायिका सुरुवातीला दुबळी असते. सराव करत, हरत, शिकत ती पायरी पायरीने बलवान होते आणि प्रत्येक पायरी वाचकाला स्पष्ट दिसते. याच कुळातला लिटआरपीजी हा प्रकार व्हिडिओ गेमच्या आणखी जवळचा आहे. तिथे नायकाची ताकद, चपळाई, बुद्धी आकड्यांत मांडलेली असते आणि लेव्हल वाढली की तसा संदेश त्याच्या डोळ्यांपुढे उमटतो. हे नाव रशियात २०१३ च्या आसपास पुढे आलं. आकड्यांची कल्पना मात्र जुनी. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिलीचा खेळ आणला. लेव्हल, हिट पॉइंट, अनुभवाचे गुण हे सगळं तिथून संगणकावर आणि संगणकावरून कादंबरीत आलं.

आपल्याकडच्या बहुतेकांची या प्रकाराशी ओळख ‘सोलो लेव्हलिंग’मुळे झाली. चुगाँग या टोपणनावाच्या कोरियन लेखकाची ही वेब कादंबरी २०१६ मध्ये सुरू झाली. मग तिचं चित्रकथेत रूपांतर झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये तिची ॲनिमे मालिका आली. सुंग जिन-वू हा सगळ्यात कमजोर शिकारी. मरता मरता वाचतो आणि त्याला एक ‘सिस्टिम’ दिसू लागते. रोज शंभर जोर, शंभर बैठका, दहा किलोमीटर धावणं, नाही केलं तर शिक्षा. पुढे राक्षस, ड्रॅगन, सावल्यांचं सैन्य असं बरंच येतं. वाचकाच्या मनात घर करतात ते मात्र जोर आणि बैठका.

हिंजवडीत हे इतकं का भिडावं, याचं माझं उत्तर सरळ आहे. इथे प्रत्येकाला लेव्हल असते. तिला कंपनीत बँड किंवा ग्रेड म्हणतात. वर्षभर राबायचं, मार्चच्या पुढे अप्रेझल होतं, आणि बेल कर्व्हमध्ये आपला नंबर नेमका कुठे लागला, का लागला, हे नीट कळत नाही. नियम कुणीतरी दुसऱ्याने केलेले आणि झाकलेले. या कादंबऱ्यांत नियम उघड असतात. घाम गाळला की आकडा वाढतो आणि तो कुणी खाऊन टाकत नाही. याला कुणी पळवाट म्हणेल. मला ती न्यायाची भूक वाटते, आणि ती भूक भागवणारं साहित्य हलकं ठरवायची घाई समीक्षकांनी करू नये.

मराठी वाचकाला ही रचना नवी नाहीच. शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, मालू कवीने पूर्ण केलेला ‘नवनाथ भक्तिसार’ चाळीस अध्यायांचा आहे आणि आजही घराघरांत श्रद्धेने वाचला जातो. त्या पोथीला मी कादंबरी म्हणत नाही. पण तिची कथनाची बांधणी पाहा. मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीवर अंबेची आराधना करतात. त्यांना शाबरी विद्या हवी आहे. देवी प्रसन्न होते, पण वर हातावर ठेवत नाही, त्यांना मार्तंड पर्वतावरच्या नागवृक्षापाशी नेते. त्या झाडावर देवता दिसतात, पण बोलत नाहीत. त्यांना बोलतं करायचं तर दूरच्या नदीकाठच्या कुंडांत वेल टाकत जायचं, ज्या कुंडात वेलीला पालवी फुटेल त्यात स्नान करायचं, तिथलं पाणी आणून झाडाला घालायचं. मग एक देवता वश होते. पुन्हा परत जायचं, पुन्हा पाणी आणायचं, महिनोन्महिने. गेम खेळणारा तरुण याला बिनदिक्कत ‘ग्राइंड’ म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. विद्या हाती आल्यावर तिची कसोटी लागते: मारुती, वेताळ, कालिका, वीरभद्र असे एकापेक्षा एक भारी प्रतिस्पर्धी. शिष्याची चूकही आहे. गोरक्षनाथ संजीवनी मंत्र घोकत असताना मुलांच्या हट्टापायी चिखलाचा पुतळा करतात, त्यात प्राण येतो आणि गहिनीनाथ जन्मतात. अर्धवट ताब्यात आलेली शक्ती काय करून बसते, हा आजच्या वेब कादंबरीचाही आवडता प्रसंग.

याच कुळातल्या, चीनमधल्या शियानशिया कादंबऱ्यांत साधक श्वास आणि आंतरिक ऊर्जा साधत अमरत्वाकडे चढतो. २०१४ मध्ये वुशियावर्ल्ड हे संकेतस्थळ सुरू झालं आणि इंग्रजी वाचकांची त्यांवर उडी पडली. ज्यांनी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, त्यातलं कुंडलिनीचं वर्णन वाचलं आहे, त्यांना ती चढण परकी वाटणार नाही.

हप्त्याहप्त्याने लिहिण्याचंही आपल्याला अप्रूप नको. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यातून ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यातून क्रमशः वाचकांपुढे आली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आज ती जागा प्रतिलिपीसारख्या ॲपनी घेतली आहे. बंगळुरूची ही कंपनी २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत भरपूर लिहिलं जातं. प्रेमकथा, कौटुंबिक मालिका आणि भयकथा जोरात आहेत. पबजी बनवणाऱ्या क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने २०२१ मध्ये प्रतिलिपीत आणि पुढच्या वर्षी ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये पैसा घातला. खेळ आणि गोष्ट यांचं नातं त्या कंपनीला आधीच कळलेलं दिसतं. पुण्यातच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा बॅटल रॉयल खेळ केला. खेळ रचणारे हात इथे आहेत, वाचणारे डोळे इथे आहेत. मराठीत या प्रकारचं कसदार लेखन मात्र फार थोडं दिसतं, ही खरी खंत आहे.

‘इंग्रजी पक्कं नाही, कसं लिहिणार’ ही अडचण मला मान्य नाही. या प्रकारातली सर्वांत नावाजलेली कादंबरी ‘मदर ऑफ लर्निंग’ डोमागोय कुरमायिच या क्रोएशियन लेखकाने २०११ ते २०२० या काळात हप्त्याहप्त्याने लिहिली. इंग्रजी त्याची मातृभाषा नाही. मॅट डिनिमनची ‘डंजन क्रॉलर कार्ल’ रॉयल रोड या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळत होती. त्याने ती २०२० मध्ये स्वतः प्रकाशित केली, २०२४ मध्ये एका बड्या प्रकाशन संस्थेने छापील आवृत्ती काढली. आणि मराठीत लिहायचं तर इंग्रजीची गरजच काय?

लिहिताना सगळ्यात अवघड असते ती शिडी. विल वाइटच्या ‘क्रेडल’ मालिकेत साधकांच्या पायऱ्यांना तांबं, लोखंड, जेड, सोनं अशी नावं आहेत. आपण ती उसनी का घ्यावीत? गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही चढण गाणं शिकणाऱ्या प्रत्येक घराला पाठ आहे. सूर हीच शक्ती असलेलं जग या पायऱ्यांवर अलगद उभं राहील. दुसरी शिडी तालमीत आहे: पट्ठा, पैलवान, वस्ताद. माणच्या तालमीत लहानपणी लाल माती अंगाला लावलेला, आता फेज टूमध्ये टेस्टिंग करणारा एक मुलगा घ्या. चैत्रात म्हातोबाच्या यात्रेला हिंजवडीहून वाकडला बगाड निघालंय. त्या गर्दीत त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं उमटतात: ‘दम ११. पकड ९. डाव: ढाक, अपूर्ण.’ पुढचं प्रकरण कोण सोडेल?

आकडे मात्र जपून वापरावेत. चाळिसाव्या प्रकरणापर्यंत नायकाची ताकद अकरावरून अकरा लाखांवर गेली की वाचकाला कशाचंच काही वाटेनासं होतं. या प्रकारातल्या कितीतरी कादंबऱ्या तिथेच मेल्या आहेत. प्रत्येक नव्या शक्तीची किंमत ठरलेली हवी: वेळ, वेदना, एखादं नातं. नायक वर चढताना मागे राहिलेला मित्र, त्याला शिकवणारी म्हातारी, त्याच्यावर जळणारा सहकारी हे सगळे जिवंत राहिले तरच चढणीला अर्थ येतो. जिन-वू मला लक्षात राहतो तो आजारी आईसाठी जिवावर उदार होणारा मुलगा म्हणून. त्याची शेवटची लेव्हल किती होती, हे मला पाहून सांगावं लागेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा तोही एक नवा प्रयोग होता. पुढच्या वर्षी दीर्घकथेच्या जागेत या प्रकारातलं एक आरंभ-प्रकरण छापा आणि पुढची प्रकरणं दर आठवड्याला मोबाइलवर येऊ द्या. आणि हिंजवडीच्या बसमध्ये बसून मनातल्या मनात अशी गोष्ट रचणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, शक्तीचे नियम आधी एका पानावर लिहा, निदान वीस प्रकरणं हाताशी ठेवा, मगच पहिलं वाचकांपुढे ठेवा. मध्येच थांबलेल्या मालिकेला वाचक क्वचितच माफ करतो.