मातीतून भाजक्या गोळ्यांत

मॉन्स्टेरा डेलिसिओसा ही दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या सदाहरित जंगलांतली वेल. ती झाडांच्या खोडांवर चढते. तिची मुळे पालापाचोळ्यात, सालीच्या फटींत, कधी नुसती हवेतही वाढतात. घरातल्या कुंडीत मात्र तिच्या वाट्याला घट्ट माती येते, आणि वरून रोजचे पाणी. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांची हवा तुटते, कारण प्राणवायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. कुंडीतली कितीतरी झाडे तहानेने नव्हे, अशी गुदमरून मरतात.

अर्ध-हायड्रोपोनिक पद्धत ही अडचण सोप्या रीतीने सोडवते. तिच्यात मातीऐवजी ‘लेका’ नावाचे चिकणमातीचे गोळे वापरतात. भट्टीत ११०० अंश सेल्सिअसच्या वर भाजताना ते आतून फुगतात, त्यामुळे हलके आणि सच्छिद्र होतात. जाळीच्या कुंडीत गोळे भरून ती बिनभोकाच्या भांड्यात ठेवतात आणि तळाशी पाव उंचीपर्यंत पाणी ओततात. गोळे केशाकर्षणाने ओल वर खेचतात आणि मधल्या फटींत हवा खेळती राहते. पंप किंवा वीज लागत नाही.

स्थलांतरासाठी झाड जोमाने वाढत असतानाचा काळ निवडावा. महाराष्ट्रात पावसाळा सर्वांत चांगला. ऐन उन्हाळा टाळावा; तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नवे गोळे गढूळपणा जाईपर्यंत धुऊन दिवसभर भिजत घालावेत. मग झाड उपसून कोमट पाण्यात मुळे हलक्या हाताने मोकळी करावीत. इथे घाई नको. मुळांच्या गुंत्यात राहिलेली माती पुढे सतत ओली राहून कुजते आणि सोबत मुळेही कुजवते. मऊ, काळपट, वास येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. मॉन्स्टेरा अळूच्याच कुळातली असल्याने तिच्या चिकाने खाज सुटते, हातमोजे घालावेत.

यानंतरचे काही आठवडे कसोटीचे. मातीत वाढलेली मुळे कायम ओलाव्याला सरावलेली नसतात; त्यांतली काही मरतात आणि झाड नवी फोडते. तोवर एखाददुसरे पान पिवळे पडेल, त्याने घाबरून झाड पुन्हा मातीत लावू नये. या काळात पाण्याची पातळी मुळांच्या खाली ठेवावी. पांढरी, जाडसर, टोकाशी टवटवीत मुळे जाळीतून डोकावली की झाड रुळले असे समजावे.

गोळ्यांत अन्न नसते, म्हणून खत पाण्यातूनच द्यावे लागते. सुरुवातीला अगदी पातळ. बाजारातले १९:१९:१९ एकटे पुरत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसते. हायड्रोपोनिक्ससाठीचे संपूर्ण खतच घ्यावे. पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ ठेवावा. बोअरच्या जड पाण्याने गोळ्यांवर क्षारांचा पांढरा थर साचतो, तेव्हा आरओचे किंवा पावसाचे पाणी बरे. महिन्यातून एकदा कुंडी वाहत्या पाण्याखाली धरून साचलेले क्षार धुऊन काढावेत.

जुने, मोठे झाड हलवणे सर्वांत अवघड. पहिल्यांदाच करून पाहणाऱ्याने पेर असलेली फांदी पाण्यात रुजवून ती थेट गोळ्यांत लावावी. तिला मातीची सवय मोडावी लागत नाही.