चिमूटभर वायूंचा हिशेब

कुर्डुवाडीचें नांव काढलें कीं जुन्या प्रवाशांस गाडी बदलण्याची धांदल आणि इंजिनांचा धूर आठवतो. १८९७ सालीं येथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे धावूं लागली. पुढें रूळ रुंद झाले, कोळशाचीं इंजिनें गेलीं. धुरानें मात्र हा मुलूख सोडला नाहीं. हिवाळ्यांत ऊस तुटला कीं शेतांत पाचट पेटतें, चुली पेटतात, मालमोटारी धांवतात. तो धूर घटकाभर डोळ्यांस झोंबतो व विरून जातो. परंतु विरून जातो म्हणजे कोठें जातो? या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या शास्त्राची ओळख आज आम्ही वाचकांस करून देणार आहों.

कोरड्या हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग प्राणवायु आणि जवळजवळ एक भाग अरगॉन असतो. उरलेल्या अत्यल्प अंशांत बाकीचे सारे वायु येतात. दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारें सवाचारशें व मिथेनचे अवघे दोन भाग! एवढ्याशा वायूंची मातब्बरी ती काय, असें कोणी म्हणेल. परंतु आमटीची चव मिठाच्या चिमटीवर ठरते, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरण्याचें सामर्थ्य या चिमूटभर वायूंत आहे, नायट्रोजन-प्राणवायूंत नाहीं.

१९५८ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइडचें नियमित मापन सुरू केलें, तेव्हां त्याचें प्रमाण दहा लक्षांत सुमारें ३१५ होतें. आज तें ४२० च्या पुढें गेलें आहे. ही वाढ वर्षास दोन-तीन भागांची. म्हणून मापनांत एका भागाची चूक देखील हिशेब बिघडवून टाकते. हवा भरणाऱ्या मनुष्याच्या उच्छ्वासांतच हा वायु बाहेरील हवेच्या सुमारें शंभरपट असतो. यासाठीं त्यानें वाऱ्याच्या खालच्या अंगास उभें राहावें आणि श्वास आवरावा, असा दंडक आहे. मग ती हवा कोरडी करून कांचेच्या बाटलींत भरतात आणि प्रयोगशाळेंत, प्रमाण नक्की ठाऊक असलेल्या वायूशीं ताडून पाहतात. ज्याच्याशीं ताडावयाचें तें मापच खोटें असेल, तर वजन खरें कोठून येणार?

असें काम आपल्या शेजारींही झालें आहे. गोव्यांत काणकोण तालुक्यांत समुद्रावर काब द राम नांवाचें भूशिर व किल्ला आहे. येथें १९९३ पासून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनें ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. या संस्थेच्या सहकार्यानें हवेच्या बाटल्या भरविल्या व तपासणीसाठीं ऑस्ट्रेलियास धाडल्या. एस. के. भट्टाचार्य, डी. व्ही. बोरोले आदि संशोधकांनीं २००२ पर्यंतच्या नोंदी पुढें प्रसिद्ध केल्या. त्यांत एक मोठी मौज दिसते. पावसाळ्यांत तेथें येणारा वारा विषुववृत्त ओलांडून, दूरच्या समुद्रावरून येतो. ती हवा स्वच्छ. हिवाळ्यांत वारा फिरतो व देशावरून समुद्राकडे वाहतो. तेव्हां त्याच बाटलींत कार्बन डायऑक्साइड, मिथेन व कार्बन मोनॉक्साइड हे तिन्ही वायु वाढलेले सांपडतात. कार्बन मोनॉक्साइड ही अर्धवट ज्वलनाची खूण. कुर्डुवाडीच्या माळावरील प्रत्येक झोत तेथेंच पोहोंचतो असें नव्हे. तथापि हिंदुस्थानच्या चुली, शेतें व कारखाने यांची बेरीज त्या वाऱ्यांत असते.

पण पावसाळ्यांत पिकें व रानें कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, आणि नेमका त्याच वेळीं काब द रामचा वारा समुद्रावरून येतो. म्हणजे खर्चाची बाजू दिसली, जमेची दिसेना! त्यासाठीं देशावरच ठाणें हवें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेण्यास आरंभ केला, तो म्हणूनच महत्त्वाचा.

एवढा खटाटोप कशासाठीं? २०१५ च्या पॅरिस करारान्वयें प्रत्येक राष्ट्रानें आपल्या वायूंचा हिशेब द्यावयाचा आहे. तो हिशेब जाळलेला कोळसा, तेल, गुरेंढोरें व भातशेती यांच्या आंकड्यांवरून मांडतात. खरें-खोटें पारखणारी तिऱ्हाईत साक्षीदार म्हणजे हवाच. जेथें मोजणी विरळ, तेथें आपल्या विषयीं परक्यांनीं केलेले अंदाजच प्रमाण मानावे लागतात. सोलापूर जिल्ह्यासारख्या, पावसाच्या चार सरींवर ज्वारीचें कणीस ठरणाऱ्या मुलखास हवामानाच्या बाबतींत अंदाजावर विसंबणें परवडणारें नाहीं.

आणि ही मोजणी अखंड चालावी लागते. कीलिंग यांचें कामही १९६४ सालीं पैशाअभावीं कांहीं काळ थांबलें होतें. घरच्या जमाखर्चाचें पान गहाळ झालें, तर वाण्याच्या वहीवरून तें पुन्हां लिहितां येतें. परंतु ज्या दिवसाची हवा बाटलींत भरली गेली नाहीं, ती कोणत्याही बाजारांत पुन्हां मिळत नाहीं. या कामांत रोषणाई नाहीं, टाळ्या नाहींत. आठवड्यामागून आठवडे तीच बाटली, तोच वारा, तीच नोंद. अशा कंटाळवाण्या चिकाटीचें मोल ओळखणें, आणि आपल्या मुलांपैकीं कोणी या मार्गास वळल्यास त्यास ‘यांत मिळणार काय?’ असें न विचारतां पाठबळ देणें, एवढें तर सुशिक्षित घरांकडून व्हावें, अशी आमची विनंती आहे.