हसण्याआधी गाणे पाठ हवे

माझा भाचा नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे तोक्योत राहून आला. येताना त्याने जुन्या जपानी टीव्ही कार्यक्रमांच्या डीव्हीडी आणल्या होत्या. ‘‘मामू, भाषेची गरज नाही, नुसतं बघा,’’ म्हणत त्याने एक लावली. रंगमंचावर पाच माणसे. त्यांतला एक मोठ्या तोऱ्यात काहीतरी सांगतो आहे आणि अचानक वरून पत्र्याचे भले मोठे घंगाळ त्याच्या डोक्यावर आदळते. खणकन आवाज आणि सभागृहातली पोरे हसून बेजार. मीही पोट धरून हसलो. थोड्या वेळाने तीच पाच माणसे चर्चमधल्या गायकवृंदासारखे लांब झगे घालून ओळीने उभी राहिली आणि गाऊ लागली. सभागृह पुन्हा हास्यात बुडाले. मी मात्र कोरडाच. सूर गोड होते, चेहरे मिस्कील होते, पण हसायचे कशाला तेच कळेना. ‘‘मूळ गाणं तुम्हाला माहीत नाही ना, मामू,’’ एवढेच भाचा म्हणाला.

घंगाळाला अनुवाद लागत नाही, गाण्याच्या विडंबनाला लागतो. किंबहुना अनुवादानेही भागत नाही. आज बोलायचे आहे ते याच गोष्टीबद्दल.

हा कार्यक्रम तोक्योच्या टीबीएस वाहिनीवर दर शनिवारी रात्री आठला लागायचा. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘आठ वाजले! सगळे गोळा व्हा!’ असा. ऑक्टोबर १९६९ मध्ये तो सुरू झाला आणि मधला काही महिन्यांचा खंड वगळता सप्टेंबर १९८५ पर्यंत चालला. एकूण ८०३ भाग झाले. तोही रेकॉर्ड करून, कापून-जोडून नव्हे, तर बहुतेक वेळा एखाद्या सार्वजनिक सभागृहातून, प्रेक्षकांसमोर, थेट. ७ एप्रिल १९७३ च्या भागाची प्रेक्षकसंख्या ५०.५ टक्क्यांवर गेली होती. म्हणजे पाहणीतली निम्मी घरे एकाच वेळी या पाच जणांकडे बघत होती.

हे पाच जण म्हणजे ‘द ड्रिफ्टर्स’. ते विनोदी नट म्हणून ओळखले गेले, पण मुळात वाद्यवृंदातले वादक. १९६६ साली बीटल्स तोक्योच्या बुदोकान सभागृहात आले तेव्हा त्यांच्याआधी मंचावर जी मंडळी वाजवून गेली, त्यांत हे होते. त्यांचा म्होरक्या इकारिया चोसुके बास वाजवायचा, काटो चा ड्रम. ही माहिती मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला सूर नीट लावता येतो, त्यालाच तो नेमका बिघडवता येतो. बेसुऱ्या माणसाने बेसूर गायले तर त्याला विडंबन म्हणत नाहीत.

आता ते बिघडवायचे काय? त्या काळात जपानमध्ये जुन्या गाण्यांची एक लाटच आली होती. ‘नात्सुमेरो’ असा शब्द आहे त्यांच्याकडे. ‘नात्सुकाशी’ म्हणजे आठवणीने येणारी गोड हुरहूर, आणि त्याला जोडलेला ‘मेलडी’ हा इंग्रजी शब्द. दोन्हींचे तुकडे जोडून झाला नात्सुमेरो. १९६८ साली तोक्योच्या एका वाहिनीने युद्धापूर्वीची आणि युद्धानंतरची गाणी त्याच मूळ गायकांकडून गाऊन घेणारा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. १९६९ मध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने दर उन्हाळ्यात होणारी ‘आठवणीतल्या सुरावटी’ ही मैफल सुरू केली. त्याच वर्षी ड्रिफ्टर्सचा कार्यक्रम आला. म्हणजे एका वाहिनीवर डोळे पुसत गाणी ऐकायची आणि दुसरीवर त्याच वळणाच्या गाण्यांवर खिदळायचे, अशी दोन्ही दुकाने एकदमच उघडली. हा मला योगायोग वाटत नाही. हुरहुरीचा अतिरेक झाला की घरातले एखादे पोर नक्कल करू लागतेच.

या गाण्यांबद्दल एक गोष्ट मराठी कानाला गंमतीची वाटेल. जुन्या जपानी लोकप्रिय संगीतातला मोठा भाग ‘योनानुकी’ नावाच्या पाच स्वरांच्या सप्तकात बांधलेला आहे. ‘योनानुकी’ म्हणजे चौथा आणि सातवा गाळलेले. आपल्या भाषेत मध्यम आणि निषाद वर्ज्य. सा रे ग प ध. हा तर आपला भूप! या सप्तकाचा एक उदास प्रकारही आहे आणि रडवी गाणी त्यात जास्त सापडतात. पाचच स्वर असल्यामुळे चाल एकदा ऐकली की तोंडात बसते. जे सगळ्यांच्या तोंडी बसते, त्याचेच विडंबन करता येते.

ड्रिफ्टर्सच्या कार्यक्रमाचे नांदीगीत होक्काइदोतल्या एका नाचगाण्याच्या चालीवर नवे शब्द बसवून केलेले. शेवटचे निरोपाचे गाणे गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या, १९६६ साली आलेल्या एका गाण्यावर बेतलेले. ते चालू असताना काटो चा छोट्या प्रेक्षकांना आंघोळ करा, दात घासा, गृहपाठ करा असे बजावायचा. सुरुवात उसनी, शेवटही उसना, आणि तरी सगळे अस्सल त्यांचेच.

१९६९ च्या शेवटी त्यांचे ‘झुन्दोको-बुशी’ हे गाणे गाजले. ही चाल मूळची युद्धकाळातल्या नौसैनिकांच्या तोंडची. बराकीतल्या जवानांनी घरच्या, प्रेयसीच्या आठवणीने गायलेली. युद्ध संपले, जपान हरला, गाणे उरले. पुढे १९६० मध्ये चित्रपटातला लाडका नायक कोबायाशी आकिरा याने ते आपल्या ढंगात गायले. नऊ वर्षांनी ड्रिफ्टर्सनी ते फाजील पोरांच्या तोंडी दिले. २००२ साली हिकावा कियोशी या तरुण गायकाने ते पुन्हा गाऊन लोकप्रिय केले. ‘झुन्दोको-बुशी’नंतर दुसऱ्याच वर्षी ड्रिफ्टर्सनी जमिनीवरच्या फौजेतल्या एका गाण्यालाही असेच विनोदी कपडे चढवले. हरलेल्या फौजेची गाणी बापाने कधीतरी छातीशी धरून गायलेली असणार, आणि शनिवारी रात्री त्याच्याच शेजारी बसून मुलगा त्यांवर हसतो आहे. तो बाप त्या वेळी काय करत असेल? रागावत असेल? मला वाटते, बहुतेक तोही हसत असेल. ते गाणे पुन्हा मोठ्याने म्हणायला त्याला दुसरी सोज्ज्वळ वाट उरलीच कुठे होती?

आता त्या झगे घातलेल्या गायकवृंदाकडे येतो. १९७४ मध्ये संघातला एक जण निवृत्त झाला आणि त्याच्या जागी शिमुरा केन आला. तोवर तो याच मंडळींचे सामान वाहणारा, पडेल ते काम करणारा उमेदवार होता. सुरुवातीला त्याच्यावर कोणी हसेना. १९७६ मध्ये गायकवृंदाच्या भागात त्याने आपल्या गावाचे गाणे म्हटले, ‘हिगाशिमुरायामा ओन्दो’, आणि एका गाण्यात तो देशभरातल्या मुलांचा लाडका झाला.

ओन्दो म्हणजे उन्हाळ्यात पितरांच्या सणाला, मधोमध ढोल ठेवून, गोल फेर धरून नाचायचे गाणे. १९३३ च्या ‘तोक्यो ओन्दो’च्या यशानंतर गावोगावी आपापले ओन्दो लिहवून घेण्याची टूम निघाली. आपले तळे, आपली टेकडी, आपली फुले, असा सगळा मजकूर. हिगाशिमुरायामा हे तोक्योच्या पश्चिमेकडचे उपनगर. तिथल्या शेतकरी सहकारी संस्थेने १९६३ मध्ये असेच एक गाणे करवून घेतले आणि मिहाशी मिचिया या नामवंत गायकाच्या आवाजात त्याची तबकडी निघाली. पुढच्याच वर्षी गावाला शहराचा दर्जा मिळाला.

शिमुराने काय केले? पहिला भाग जवळजवळ मूळ चालीत, साळसूदपणे म्हटला. तो चौथ्या पेठेचा. मग तिसऱ्या पेठेत चाल बदलली, शिस्त ढिली झाली. आणि दुसरी पेठ गाळून तो थेट पहिल्या पेठेत उतरला, तिथे नुसता धिंगाणा आणि आरोळी. मोजणीही उलटी आणि सभ्यतेचाही उतार. सभागृहातल्या मुलांनी मूळ गाणे ऐकलेले असण्याचा फारसा संभव नव्हता. ते एका उपनगराचे गाणे होते. पण तसले गाणे प्रत्येकाच्या गावात होते. म्हणजे विडंबन एका गाण्याचे नव्हते, त्या संपूर्ण जातकुळीचे होते. भाच्याने मला सांगितले ते अर्धेच खरे होते. मूळ गाणे नव्हे, त्या गाण्याची रीत मला पाठ नव्हती.

पुढे शिमुराने १९२१ सालच्या एका अतिपरिचित बालगीतालाही हात घातला. त्यात कावळा का ओरडतो असा प्रश्न आहे आणि उत्तर आहे लेकरांच्या मायेचे. शिमुराने प्रश्न तसाच ठेवला आणि उत्तर फिरवले, की ओरडेल, कावळ्याची मर्जी! पालक-शिक्षक संघांना हा कार्यक्रम आधीपासूनच डोळ्यांत खुपत होता, मुलांना बिघडवणारा म्हणून. त्यात हे. मला दोन्ही बाजू समजतात. आईची माया हा काही टिंगलीचा विषय नव्हे. पण ते एक उत्तर शाळेत शेकडो वेळा घोकून घेतल्यावर ‘त्याची मर्जी’ म्हणताना मुलांना किती मोकळे वाटले असेल!

उर्दूत हझल नावाचा प्रकार आहे. गझलेचेच वृत्त, तोच काफिया, तीच रदीफ, आणि आत विरहाऐवजी बायकोचे टोमणे किंवा रेशनची रांग. मुशायऱ्यात गंभीर शायर गाऊन गेले की हझलवाला उभा राहतो आणि रात्र त्याची होते. मराठीत केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ आहेतच. त्यांनी ज्या कवींच्या टोप्या उडवल्या, त्यांच्या कवितेची नाडी त्यांना अचूक सापडली होती. मी स्वतः या वाटेवर एकदा सापडलो आहे. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, मी समोर पाहुणा म्हणून बसलेला असताना, एका पोराने माझी पावसाची कविता कांद्याच्या भावावर म्हटली. मात्रा एकही चुकली नव्हती. मी हसलो, पण घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकून होते. आज त्या गावातली माणसे भेटतात तेव्हा कांदाच म्हणून दाखवतात. पाऊस कोणाला आठवत नाही.

हिगाशिमुरायामाचेही तेच झाले. आज हे गाणे म्हटले की जपानी माणसाला शिमुरा आठवतो. मिहाशींची तबकडी जाणकारांपुरती उरली. विडंबनाने गाणे वाचवले की गिळले? शहराने आपला निकाल केव्हाच दिला आहे. आमच्या गाण्याची चेष्टा केली म्हणून रागावण्याऐवजी त्यांनी शिमुराचा गौरव केला आणि स्टेशनासमोर तीन झाडे लावली. ‘शिमुरा केनची झाडे’ म्हणूनच ती ओळखली जातात.

२९ मार्च २०२० रोजी शिमुरा केन कोरोनाने गेला. वय सत्तर. त्या वर्षी एनएचकेवर एका जुन्या संगीतकाराच्या आयुष्यावर बेतलेली रोजची मालिका सुरू झाली. तीत त्याने एका मोठ्या, धाक वाटावा अशा संगीतकाराची भूमिका केली होती. यामादा कोसाकु या खऱ्या संगीतकारावर ती बेतलेली. जन्मभर जुन्या गाण्यांना वेडावून दाखवणारा माणूस, मृत्यूनंतर पडद्यावर आला तो ती गाणी बांधणाऱ्या बुजुर्गाच्या वेषात.

त्या तीन झाडांखाली तेव्हा लोकांनी फुले आणून ठेवली. २०२१ मध्ये स्टेशनासमोर त्याचा ब्राँझचा पुतळाही उभा राहिला. डीव्हीडी माझ्याकडेच राहिली आहे. परवा पुन्हा लावली. या वेळी चौथ्या पेठेपासूनच हसू यायला लागले, आणि पहिल्या पेठेत तो ओरडला तेव्हा नातवाने आतून विचारले, ‘‘दादा, काय झालं?’’