जिभेचे बळ आणि उतारवयातील घास

घरातील ज्येष्ठांना जेवताना वारंवार ठसका लागू लागला, की ‘सावकाश जेवा’ एवढे सांगून विषय संपवला जातो. मात्र या ठसक्यामागे जिभेच्या स्नायूंचा अशक्तपणाही असू शकतो.

जीभ हा केवळ चवीचा अवयव नव्हे. चावलेला घास टाळूवर दाबून घशाकडे ढकलण्याचे काम तीच करते. त्याच वेळी स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासमार्ग क्षणभर बंद होतो. वयोमानानुसार हातापायांच्या स्नायूंप्रमाणेच जिभेचे स्नायूही क्षीण होतात आणि गिळण्याची क्रिया मंदावते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधक जोअ‍ॅन रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. पूर्ण जोर लावून जीभ टाळूवर देऊ शकणारा दाब ज्येष्ठांमध्ये तरुणांपेक्षा कमी आढळला. गिळताना पडणारा दाब मात्र दोन्ही गटांत साधारण सारखाच होता. म्हणजेच निरोगी वृद्ध व्यवस्थित गिळतात. परंतु त्यांच्याजवळची शक्तीची गंगाजळी घटलेली असते. मोठे आजारपण किंवा पक्षाघात उद्भवला, की ती अपुरी पडते. अन्न वा पाणी श्वासमार्गात उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका निर्माण होतो. काही रुग्णांना अशा वेळी ठसकाही लागत नाही, हे अधिक चिंताजनक.

दिलासा असा, की हे बळ काही प्रमाणात परत मिळवता येते. याच संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात ७० ते ८९ वयोगटातील १० निरोगी व्यक्तींकडून आठ आठवडे जिभेचा व्यायाम करून घेतला. जीभ आणि टाळू यांमध्ये ठेवलेला हवेचा लहान फुगा दाबणे, असे त्याचे स्वरूप होते. सर्वांच्याच जिभेची ताकद वाढली. जपानमध्ये तर २०१६ पासून जिभेचा दाब ३० किलोपास्कलपेक्षा कमी असणे हा मुखाची कार्यक्षमता घटल्याच्या निकषांपैकी एक मानला जातो.

जेवताना ताठ बसावे, घास लहान घ्यावा, तोंडात घास असताना बोलू नये. झोपलेल्या व्यक्तीला पाणी पाजू नये. जेवणानंतर आवाज घोगरा होणे, वजन घटणे, वारंवार ताप येणे ही लक्षणे दिसल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. व्यायामही तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच करणे हिताचे.