आडवा कार्बोरेटर : आधी ओळखा, मग पाना लावा

आपल्या वस्त्यांत स्वतःच्या दारात मोटार उभी असणारी घरे थोडी आहेत. पण दुसऱ्याची मोटार चालू करून देणारे हात मात्र गल्लोगल्ली सापडतात. कोणाचे वडील गॅरेजात मिस्त्री आहेत, कोणाचा भाऊ हेल्पर आहे, कोणाचा मुलगा वा मुलगी आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करीत आहे. म्हणून या वेळी आम्ही जुन्या मोटारींच्या आडव्या, म्हणजे साइड ड्राफ्ट कार्बोरेटरची माहिती देत आहोत.

आजच्या गाड्यांत कार्बोरेटर राहिला नाही. इंजेक्शनची पद्धत आली. पण जुन्या मोटारी जपणारे शौकीन आहेत आणि त्यांना जुने काम जाणणारा मिस्त्री हवा असतो. या कामात मजुरी चांगली मिळू शकते, पण जोखीमही आहे. जुना भाग तुटला तर कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरा मिळत नाही, आणि दोष शेवटी कारागिराच्या माथी येतो. तेव्हा पाना हातात घेण्याआधी समोर काय आहे ते ओळखता आले पाहिजे.

कार्बोरेटरचे काम काय?

भाकरीच्या पिठात पाणी कमी पडले तर भाकरी चिरते, जास्त झाले तर पीठ हाताला चिकटते. इंजिनाचेही तसेच आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’ होते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि प्लग काळे पडतात. कमी झाले की ‘लीन’ होते, गाडी झटके देते आणि इंजिन तापते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटरचे.

प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर वरून खाली हवा घेतो. त्याला डाउन ड्राफ्ट म्हणतात. ज्यात हवा बाजूने आडवी शिरते तो साइड ड्राफ्ट. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हाच प्रकार फार चालला. आपल्याकडे अॅम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांतही तो पाहायला मिळतो.

चपलांच्या घराण्यातून आलेले यंत्र

आडव्या कार्बोरेटरांत सर्वांत प्रसिद्ध नाव ‘एस.यू.’ हे होय. इंग्लंडमध्ये जॉर्ज हर्बर्ट स्किनर आणि त्यांचे बंधू यांनी तो तयार केला. स्किनर घराण्याचा धंदा पादत्राणांचा होता. सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीने वरखाली होणारा भाता चक्क चामड्याचा होता! पुढे त्या जागी धातूचा पिस्टन आला. एस.यू. कंपनी १९१० साली स्थापन झाली आणि १९२६ साली मॉरिस मोटारींचे मालक विल्यम मॉरिस यांनी ती विकत घेतली.

याची रचना साधी आहे. वर घंटेसारखे झाकण, आत पिस्टन आणि पिस्टनच्या तळाला निमुळती सुई. इंजिनाने हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो. त्याबरोबर सुई जेटमधून वर सरकते आणि जितकी हवा वाढली तितके पेट्रोल जास्त येते.

‘सुता’चा हिशेब

आता ओळखण्याची गोष्ट. आपले मिस्त्री इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. एस.यू.च्या नावातला आकडा म्हणजे एक इंचाच्या वर किती सूत, एवढेच! एच.एस. २ म्हणजे एक इंच दोन सूत, म्हणजे सव्वा इंचाचे तोंड. एच.एस. ४ म्हणजे दीड इंच, एच.एस. ६ म्हणजे पावणेदोन इंच आणि एच.एस. ८ म्हणजे पुरे दोन इंच. नंतरच्या काही कार्बोरेटरांवर ‘एच.आय.एफ. ४४’ असा मोठा आकडा असतो. तो मात्र मिलिमीटरचा आहे. दोन्हींत घोटाळा करू नये.

अक्षरे ओळखायची ती पेट्रोलच्या वाटीवरून, म्हणजे फ्लोट चेंबरवरून. वाटी बाजूला असून तिच्या तळातून जेटकडे बारीक नायलॉनची नळी जाते तो एच.एस. नळी नसून वाटीचा हात थेट जेटखाली बोल्टने कसलेला असतो तो जुना एच. अशाच रचनेत जेटखाली रबरी पडदा असतो तो एच.डी. आणि बाजूला वाटीच दिसत नाही, ती खालच्या पोटात सामावलेली असते, तो एच.आय.एफ. पुष्कळदा वाटीच्या झाकणाच्या स्क्रूखाली पत्र्याची लहान पट्टी असते. तिच्यावरच्या नंबरावरून तो कार्बोरेटर मूळ कोणत्या गाडीचा ते शोधता येते. ती पट्टी कचरा समजून फेकू नका.

उदाहरणे सांगायची तर जुन्या मिनीत एक एच.एस. २ असे. एम.जी.बी. ही स्पोर्ट्स मोटार १९६२ साली आली तेव्हा तिला दोन एच.एस. ४ होते.

एस.यू.सारखाच दिसणारा दुसरा भाऊ म्हणजे झेनिथ-स्ट्रॉमबर्ग. त्याच्या वरच्या झाकणाला चार स्क्रू असतात आणि आत पिस्टनला पातळ रबरी पडदा जोडलेला असतो. हा पडदा फाटला की पिस्टन नीट उचलत नाही आणि गाडीचा पिकअप जातो. १५० म्हणजे दीड इंच, १७५ म्हणजे पावणेदोन इंच.

तिसरा प्रकार इटलीचा वेबर. ‘४० डी.सी.ओ.ई.’ अशी अक्षरे त्याच्या अंगावरच कोरलेली असतात. एकाच धडाला शेजारी शेजारी दोन तोंडे असतात आणि ४० हा आकडा तोंडाचे मिलिमीटर सांगतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला असे दोन लावले की प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोंड मिळते. यात सरकता पिस्टन नाही. आतले चोक आणि जेट बदलून प्रमाण जुळवावे लागते. सुरुवातीला जुळणी करताना चोकच्या मिलिमीटरची चौपट म्हणजे मेन जेटचा नंबर, असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात. ३२ चा चोक असेल तर जेट १३० च्या आसपास.

बदल करताना

मालक येतो आणि म्हणतो, “मोठा कार्बोरेटर लावा, गाडी पळाली पाहिजे.” त्याला नम्रपणे समजवावे. इंजिनाचे पोट तेवढेच असेल तर तोंड मोठे करून काय उपयोग? हवेची ओढ मंदावते, कमी वेगात गाडी अडखळते आणि पेट्रोलही वाया जाते. वाल्व, हेड, सायलेन्सर यांचे काम झालेले असेल तरच मोठ्या कार्बोरेटरचा फायदा दिसतो.

खरा बदल सुईत आहे. एस.यू.च्या सुईवर बारीक अक्षरे असतात. तिची जाडी खांद्यापासून प्रत्येक सुतावर मोजतात. सुई बारीक तितके पेट्रोल जास्त. म्हणून कोणत्या वेगाला गाडी अडते ते पाहून सुई निवडता येते. पण काही सुया सरळ घट्ट बसतात, तर काही स्प्रिंगने एका बाजूला झुकलेल्या असतात. एकीच्या जागी दुसरी परस्पर बसवू नये.

त्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात :

थ्रॉटलचा दांडा हलवून पाहा. तो खेळत असेल तर तेथून चोरटी हवा शिरते आणि कितीही ट्युनिंग केले तरी गाडी एकसारखी चालत नाही. आधी बुश बदला.

पिस्टन बोटाने उचलून सोडा. तो ‘टक्’ आवाज करीत खाली बसला पाहिजे. अडकला तर नुसते पेट्रोल लावून मऊ फडक्याने पुसा. पॉलिश पेपर मुळीच मारू नका. पिस्टन आणि त्याची घंटा जोडीने बनवलेली असते. दोन कार्बोरेटर एकदम उघडले तर जोड्या वेगळ्या डब्यांत ठेवा.

वरच्या डॅम्परमध्ये पातळ ऑइल आहे का पाहा. ते नसेल तर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी दचकते.

शेवटी इंजिन गरम करून पिस्टन पाव सूत उचला. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच आहे. इंजिन बंद पडू लागले तर लीन आहे. क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. एच.एस.मध्ये जेटचा नट एका वेळी एकच पैलू फिरवा. वर चढवला की पेट्रोल कमी, खाली उतरवला की जास्त. दोन कार्बोरेटर असतील तर रबरी नळीचे टोक कानाशी धरून दोन्ही तोंडांची सुसू सारखी होईपर्यंत जुळवा.

इथेनॉल आणि नवा नियम

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. अशा पेट्रोलला हवा कमी लागते, सुमारे १३.५ भाग. म्हणजे जुन्या जुळणीवर गाडी आपोआप लीन चालते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला व बुचाला ते मानवत नाही. म्हणून नळ्या व वॉशर इथेनॉल सोसणारे घ्यावेत आणि सुई थोडी बारीक घ्यावी.

दुसरी गोष्ट २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांची. ५० वर्षांहून जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून मोठा बदल करण्याआधी मालकाला हा नियम स्पष्ट सांगा आणि काढलेला मूळ कार्बोरेटर, सुया, पट्टी, सगळे डब्यात भरून त्याच्या ताब्यात द्या.

घरच्या माणसांना आमची विनंती आहे. कार्बोरेटर साफ करायला घरी आणू देऊ नका. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण जमिनीलगत पसरून चुलीपर्यंत पोहोचते. पेट्रोल नळीने तोंडाने ओढणेही जिवावर बेतते.

आणि शिकाऊ मुलामुलींनी एक वही ठेवावी. गाडी कोणती, पट्टीवरचा नंबर, सुईची अक्षरे, नट किती पैलू फिरवला, सगळे तारखेसह लिहावे. पुष्कळ चांगले कारागीर आपली विद्या डोक्यातच ठेवून निवृत्त झाले. वडील मिस्त्री असतील तर रविवारी त्यांच्याजवळ बसावे. त्यांनी सांगावे आणि मुलांनी लिहून घ्यावे.