नौकेच्या इंजिनातील तेलगळतीचा शोध

इंजिनाखाली तेल साचलेले दिसताच मागील ऑइल सील बदलण्याची घाई केली जाते. हा खर्च अनेकदा वाया जातो. नौकेत इंजिन बहुधा मागील बाजूस किंचित उतरते बसविलेले असते. त्यामुळे वरच्या झाकणातून पाझरलेले तेलही ओघळत मागेच येते. तेल जेथे साचते तेथेच गळती असते, असे नव्हे.

महाराष्ट्रात पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते. नौका किनाऱ्यावर ओढण्यापूर्वी, ती पाण्यात असतानाच तपासणी उरकावी. समुद्राच्या पाण्याने थंड होणारे इंजिन जमिनीवर कोरडे चालविल्यास बिघडते.

१. थंड इंजिन चिंधीने पुसून स्वच्छ करावे. झाकणे, तेलनळ्या व गाळणी यांच्या सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी.

२. इंजिन सुमारे १० मिनिटे चालवून बंद करावे. विजेरीच्या प्रकाशात वरून खाली पाहत यावे. गळतीचे मूळ बहुधा सर्वांत वरच्या ओल्या डागापाशी सापडते.

३. सील बदलण्यापूर्वी ब्रीदर नळी तपासावी. ती बुजली असल्यास आतील दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते.

फिरत्या पट्ट्याजवळ हात वा सैल कपडे नेऊ नयेत. साचलेले तेल समुद्रात न उपसता डब्यात भरावे.

तेल फार कमी झाल्यास बेअरिंग जळून भर समुद्रात इंजिन बंद पडते व खलाशांचे प्राण धोक्यात येतात. तरी तांडेलांनी प्रत्येक फेरीपूर्वी तेलमापक पट्टी पाहावी. ग्रामसेवकांनी ही तपासणी बंदरावर प्रत्यक्ष करवून दाखवावी.